गुलजारबींचा चोर

बुद्धभूषण पगारेने आयुष्यात कोणाचा छदाम बुडवला नव्हता, हे इंदिरानगरातल्या त्याच्या कॉलनीत शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. म्हणूनच जयंती उत्सव समितीचं खातं कागदपत्रांच्या घोळात बंद पडलं, तेव्हा विहाराच्या फळ्यावर वर्गणीसाठी बुद्धभूषणभाऊंच्याच बचत खात्याचा क्यूआर कोड चिकटवला गेला. कोणी ब्र काढला नाही. चांगल्या नावाचं हे असंच असतं. ते कमवायला कोणी मदत करत नाही, पण त्याच्यावर ओझं टाकायला सगळे तयार असतात.

नोकरी दिंडोरीच्या बाजार समितीत. रोज मोटारसायकलवर जायचं, धूळ खायची आणि परत यायचं. त्याच्याकडे तंट्यांचं टेबल होतं. लिलावात ट्रॅक्टरसमोर व्यापारी कांद्याचा भाव पुकारतो, समितीचा माणूस तो सौदापट्टीवर लिहितो, इथवर सगळं ठीक. पुढे माल उतरवायला ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेला, की व्यापारी कांदा हातात घेऊन तोंड वाकडं करतो. म्हणतो, खाली माल हलका निघाला, आणि क्विंटलमागे शंभर-दोनशे तोडतो. मग शेतकरी तणतणत बुद्धभूषणच्या टेबलासमोर येऊन उभा. ‘‘साहेब, पुकारलं येक आन् देतोय येक. आसं ऱ्हातं का कुठं?’’

‘‘नाही राहत,’’ बुद्धभूषण म्हणायचा आणि व्यापाऱ्याला बोलावून घ्यायचा. पुकारला तो भाव, या तीन शब्दांवर त्याने वीस-बावीस वर्षं काढली होती. व्यापारी कुरकुरायचे, पण द्यायचे. हा माणूस आपल्याकडून चहासुद्धा पीत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

अशा माणसाला फॉरेक्सचा, म्हणजे परकी चलनांच्या सौद्यांचा नाद लागावा, याचं नवल वाटायचं कारण नाही. दिवसभर दुसऱ्यांचे भाव निस्तरणाऱ्याला कधी ना कधी वाटतंच, की आपल्या डोक्याचा भाव कोणी केलाच नाही. बाजार समितीतल्या किशोरने मोबाइलवर ॲप दाखवलं. युरो वर गेला, डॉलर खाली आला, सोनं हललं. बुद्धभूषणला वाटलं, भाव म्हणजे आपलाच प्रांत की! ब्रोकर परदेशातला होता. कंपनीचं ऑफिस कुठल्याशा बेटावर. ते बेट त्याने मुलीच्या नकाशात शोधलं, तर तिथे निळ्या रंगाशिवाय काही दिसेना. एखाद्याने तिथेच शहाणं व्हावं. पण पडद्यावर भाव स्पष्ट दिसत होते, घेण्याचा एक, विकण्याचा एक, आणि छापलेल्या भावावर तर त्याची श्रद्धाच होती.

पैसे भरणं भलतंच सोपं निघालं. यूपीआयने भरा, कार्डाने भरा, क्रिप्टोने भरा, नाहीतर ॲप देईल त्या खात्यावर थेट पाठवा. आत जायला बारा दारं, आणि प्रत्येक दारात हसतमुख स्वागत.

काही महिने बरे गेले. नंतर त्याच्या लक्षात यायला लागलं, की सौदा तोट्यात असला की तो वीज पडावी तसा होतो आणि फायद्यात असला की पडद्यावर चाक फिरत राहतं. चाक थांबलं की विचारणा यायची, भाव बदलला आहे, नवा मान्य आहे का? आणि मग आला तो शुक्रवार. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी येतात. त्या आधी बुद्धभूषणने नीट विचार करून मर्यादा लावून ठेवली होती, की भाव इथे आला की सौदा बंद, याहून जास्त तोटा नको. आकडे आले, भाव धाडकन पडला, आणि सौदा बंद झाला तो त्याने सांगितल्या जागी नाही, तर कितीतरी खाली. अर्ध्याहून जास्त रक्कम पापणी लवायच्या आत गेली.

दुसरा कोणी असता तर शिव्या घालून मोकळा झाला असता. बुद्धभूषणने तक्रार लिहिली. रीतसर, मुद्देसूद, पडद्याचा फोटो जोडून: सौदा ठरला तेव्हाचा भाव हा होता, दिला गेलेला भाव हा आहे, सबब फरकाची रक्कम मिळावी. सोफिया नावाच्या कोणीतरी उत्तर दिलं, की बाजार वेगात असताना असं घडू शकतं आणि हे अटींमध्ये नमूद आहे. त्याने पुन्हा लिहिलं. सोफियाने तेच उत्तर पुन्हा पाठवलं, फक्त या वेळी शेवटी एक फूल होतं. त्या फुलाने त्याचं डोकं फिरलं. बाजार समितीत निदान व्यापारी समोर उभा असतो, त्याला घाम येतो, तो नजर चुकवतो. इथे खळंही दिसत नव्हतं आणि व्यापारीही.

उरलेले ऐंशी हजार काढून घ्यायचे आणि हे खूळ बंद करायचं, असं त्याने ठरवलं. तेव्हा कळलं, की बाहेर पडायला एकच खिडकी आहे आणि ती बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीत असते. पॅन मागितलं, आधार मागितलं, हातात कागद धरून फोटो मागितला. शेवटी पैसे आले खरे, पण कंपनीकडून नाही. खात्यावर पाठवणाऱ्याचं नाव होतं जमील रशीद शेख.

इथे कोणीही थबकला असता. बुद्धभूषण थबकला नाही, कारण तो बाजार समितीतला माणूस होता. तिथे माल एका व्यापाऱ्याने घेतलेला असतो आणि पैसे येतात त्याच्या मेव्हण्याच्या खात्यातून, नाहीतर दिवाणजीच्या पुतण्याच्या. शेतकरी रक्कम बघतो, नाव बघत नाही. असेल कोणी कंपनीचा माणूस, म्हणून त्याने ॲप काढून टाकलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

पंधरवड्याने दिंडोरी रोडवरच्या पंपावर पेट्रोल भरलं आणि पैसे जाईनात. बँकेत गेला तर मॅनेजरने आवाज खाली आणला, आणि मॅनेजरचा आवाज खाली आला की समजावं काहीतरी वाईट आहे. जमील रशीद शेख यांनी फसवणुकीची तक्रार दिली होती. पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठवलं होतं. ‘‘पैसे जमा होऊ शकतात,’’ मॅनेजर म्हणाला, ‘‘बाहेर जाऊ शकत नाहीत.’’

जमा होऊ शकतात, हेच तर वाईट होतं. कारण मार्च लागला होता, कॉलनीत जयंतीचा उत्साह चढत होता आणि विहाराच्या फळ्यावरच्या त्या चौकोनात लोक रोज वर्गणी टाकत होते. फोनवर टुणटुण संदेश यायचे, शंभर आले, पाचशे आले, आणि प्रत्येक संदेशाला तो फोन उलटा करून ठेवायचा. मांडववाला आगाऊ रकमेसाठी दोनदा येऊन गेला. एका संध्याकाळी बुद्धभूषण तो कागद काढून टाकावा म्हणून विहारात गेला, नखाने एक कोपरा सोडवलाही, तेवढ्यात मागून लताबाई आल्या. चार घरी पोळ्या लाटून पोट भरणारी बाई. ‘‘भाऊ, आत्ताच टाकले बघा दोनशे. आले का?’’

‘‘आले,’’ तो म्हणाला आणि अंगठ्याने तो कोपरा परत दाबून चिकटवला.

खातं उघडलं नाही तर जयंती समितीच्या बैठकीत उभं राहून सांगावं लागणार होतं, की तुमचे पैसे पोलिसांनी अडकवलेत, कारण मी परदेशी सट्टा खेळत होतो. त्यानंतर कॉलनीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

सायबर शाखेतल्या हवालदार बाई सभ्य होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तो सुरुवातीपासून सांगायला लागला, तसा त्यांनी हात वर केला. ‘‘परदेशी ब्रोकरचं मला सांगू नका. सांगितलंत तर मला लिहावं लागेल. त्याला आपल्याकडे परवानगी नाही, ते लिहिलं की तुमच्यावरच दुसरं प्रकरण.’’

‘‘पण मॅडम, मी चोरी केलेली नाही. त्याने पैसे ॲपला भरले आणि ॲपने ते मला दिले. माझे म्हणून दिले.’’

‘‘तुमच्यासारखे रोज चार येतात, पगारे. सगळे खरंच बोलतात.’’ बाईंनी डोळे चोळले. त्यांनाही या सगळ्याचा कंटाळा आलेला दिसत होता. ‘‘तक्रारदाराला भेटा. इथलाच आहे, भद्रकालीतला. पैसे परत मिळाले असं त्याने लिहून दिलं, तर खातं उघडायचं पत्र मी आठवड्यात पाठवते.’’

म्हणजे कंपनीने दोन खिसे समोरासमोर उभे केले होते. जमीलचे पैसे बुद्धभूषणला दिले, त्या बदल्यात जमीलला पडद्यावर नुसता आकडा दाखवला, आणि नंतर तो आकडाही पुसून टाकला. बेटावरच्या माणसाला स्वतःच्या गाठीची दमडी काढावी लागली नाही. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली, तर त्या संन्याशाला तोंडही उघडता येत नव्हतं.

ऐंशी हजार पुन्हा उभे करायचे तर बायकोपुढे, उज्ज्वलापुढे जावं लागणार होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वह्या तपासता तपासता तिने सगळं ऐकून घेतलं. तो वाट बघत होता, ती भांडेल म्हणून. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिने लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, ‘‘हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलात. उद्या काढून देते.’’ आणि पुन्हा टोपण काढून पुढची वही ओढली.

जमीलचं दुकान म्हणजे भद्रकालीच्या मागच्या गल्लीतलं एक शटर. आत रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवले जायचे. बुद्धभूषण येताना मनात भाषण तयार करून आला होता, चांगलं कडक. समोर पंचविशीचा एक किडकिडीत मुलगा रेक्झिनच्या ढिगात बसला होता. नाव सांगितल्याबरोबर त्याने मशीन थांबवलं, बाहेर डोकावून पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

‘‘काका, मला माहीत होतं तुम्ही चोर नाही,’’ तो घाईघाईने म्हणाला. ‘‘ॲपने अकाउंट नंबर दिला, त्यावर मी मारले. ॲपमध्ये जमा पण झाले.’’

‘‘मग तक्रार कशाला केलीस?’’

‘‘पैसे अम्मीचे होते. उमराहला, मक्केला जायचं होतं तिला. रमजानमध्ये शेवया करून विकते, किती वर्षं साठवत होती. मला वाटलं, डबल करून देतो.’’ त्याने ओठ चावला. ‘‘सगळे गेले. तिने विचारलं तर मी बोललो, ऑनलाइन कोणीतरी उडवले. वाटलं, रडेल आणि गप बसेल. ती बुरखा घालून निघाली आणि मला हाताला धरून पोलिसांकडे घेऊन गेली. तिथे बोलले, कोणाला पाठवले ते दाखव. स्टेटमेंटमध्ये एकच नाव होतं. तुमचं.’’

बुद्धभूषणला राग आला, खरा राग, कानशिलं तापवणारा. या पोराला आईपुढे एक वाक्य बोलायची हिंमत झाली नाही आणि त्यापायी माझी ही दशा! तो काही बोलणार, तेवढ्यात जमील खाली बघत म्हणाला, ‘‘मी मर्यादा लावली होती, काका. खुदा की कसम, लावली होती. एवढ्यावर बंद कर म्हणून.’’

‘‘आणि ती खालीच कुठेतरी जाऊन बंद झाली.’’

‘‘तुमचं पण?’’

‘‘माझं पण.’’

एवढ्या दिवसांत आपलं म्हणणं पूर्ण न सांगताच समजणारा माणूस बुद्धभूषणला पहिल्यांदा भेटला होता, आणि तो नेमका हाच निघावा! त्याचा राग ओसरला नाही, पण थकला. त्याने पिशवीतून पैशांचं पाकीट काढलं. ‘‘हे घे. आणि लिहून दे.’’

जमीलने हात मागे घेतला. ‘‘अम्मी बोलली आहे, चोर माझ्यासमोर आला पाहिजे, पैसे माझ्या हातात पडले पाहिजेत. तोवर मला सही करू देणार नाही. वरच राहतो आम्ही.’’ मग अगदी हळू म्हणाला, ‘‘काका, तिला सांगू नका.’’

लाकडी जिना चढताना बुद्धभूषणने ठरवून टाकलं होतं, सांगायचं. बाई, मी चोर नाही, तुमचा मुलगा खोटं बोलतो आहे. दुसऱ्याच्या पोराचं खोटं आपण का पांघरायचं? आपल्याला काय कमी चिंता आहेत?

वरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर शेवया वाळत होत्या. त्यांच्याखालून वाकून जावं लागत होतं. शेवयांच्या मशीनजवळ गुलजारबी बसल्या होत्या, पिठाने पांढरे झालेले हात मांडीवर ठेवून. बाई लहानखुरी, पण नजर बाजार समितीच्या सभापतीला घाम फोडील अशी.

‘‘हाच का?’’

‘‘हो अम्मी,’’ जमील म्हणाला.

‘‘मला वाटलं कोणी उडाणटप्पू पोरगा असेल. हा तर बालबच्चेवाला दिसतो.’’ त्यांनी चटईकडे बोट केलं. ‘‘बस.’’

तो बसला. मांडी घालताना गुडघा कटकन वाजला.

‘‘हे बघ, मला भांडायचं नाही. रोजा आहे माझा. याचा पण आहे.’’ त्यांनी जमीलकडे मान वळवली, आणि त्या वळण्यात एवढी माया होती की बुद्धभूषणला दुसरीकडे बघावंसं वाटलं. ‘‘पैसे गेले कळलं तेव्हा आधी मला याचाच शक आला. आई असून मी शक घेतला. मग म्हटलं, रोजा ठेवून माझा पोरगा माझ्याशी खोटं नाही बोलायचा. तो विचार आला आणि लाज वाटली मला माझी. आता तू सांग. घेतले होतेस ना पैसे?’’

जमील दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या बोटांना सुया टोचल्याचे काळे डाग होते. तो बुद्धभूषणकडे बघत नव्हता, कोणाकडेच बघत नव्हता.

‘‘माझ्या खात्यात आले होते,’’ बुद्धभूषण म्हणाला. हे खरं होतं. तंट्याच्या टेबलावर इतकं खरं पुरायचं.

‘‘आले होते नको सांगू, बाबा. पैसे काय पायाने चालत येतात? घेतले होतेस की नाही?’’

ठरवलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं. त्याने ते एकदा मनात म्हणून पाहिलं. मग त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुलावर शक घेतल्याची लाज अजून तिथे होती, आणि त्या लाजेवर ती समाधानी होती. ते वाक्य बोललं, की हिच्याकडे काय उरणार होतं?

‘‘घेतले होते,’’ तो म्हणाला.

हे शब्द बाहेर पडले आणि त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं.

त्याने पाकीट पुढे केलं. गुलजारबींनी हाताचं पीठ पदराला पुसलं, पाकीट घेतलं आणि आत न बघताच मांडीखाली सरकवलं. ‘‘लिही रे,’’ त्या जमीलला म्हणाल्या. जमील खाली बसला आणि लिहायला लागला. त्याचं पेन मध्येच अडायचं. गुलजारबी तोवर उठून गॅसपाशी गेल्या आणि पातेलं ठेवलं.

‘‘नको, तुमचा रोजा आहे,’’ बुद्धभूषण म्हणाला.

‘‘माझा आहे, तुझा नाही ना? चोराला चहा पाजायचा नसतो, हे मला पण कळतं. पण परत द्यायला आलास. आजकाल कोण येतो?’’ चहात साखर टाकता टाकता त्यांनी विचारलं, ‘‘घरी कोण आहे?’’

‘‘बायको आहे. मुलगी कॉलेजात आहे.’’

‘‘त्यांना माहीत आहे?’’

‘‘बायकोला माहीत आहे.’’

‘‘आणि आई?’’

‘‘आई गेली. दोन वर्षं झाली.’’

गुलजारबींनी चहा गाळला, कप त्याच्यासमोर ठेवला आणि क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेतली धार गेली होती. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. एका आईने दुसऱ्या आईसाठी मनापासून बोलावं, तसं त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं बाबा. तिला हे बघावं लागलं नाही.’’

दाराशी जमीलचं पेन थांबलं. बुद्धभूषणने कप उचलला. चहा फार गरम होता, तरी त्याने घोट घेतला.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘बरंच झालं.’’